गिअर पडत नाही

वाईहून पाचगणीकडे चढणाऱ्या पसरणी घाटात, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, माझ्या सायकलीने पहिल्यांदा माझे ऐकले नाही. साखळी मागच्या चाकाच्या २५ दात्यांच्या चकतीवर होती, वळणानंतरचा चढ एकाएकी तीव्र झाला होता, आणि २८ दात्यांच्या चकतीवर जाण्यासाठी मी उजव्या हाताचे बटण दाबले. बटण नेहमीसारखेच टिचकन वाजले, पण साखळी होती तिथेच राहिली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मागून एसटी घरघरत वर येत होती, पायांतला वेग संपत आला होता, आणि सायकल अंगावर घेऊन उतरावे लागणार असे वाटत असतानाच तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर साखळी अगदी शहाण्यासारखी वर चढली. त्यानंतर पाचगणीपर्यंत एकदाही तक्रार आली नाही. त्या रात्री वहीत मी एवढेच लिहिले: ‘पसरणी. २५ वरून २८. गिअर पडला नाही.’ या तीन शब्दांनी मला पुढचे चार महिने चुकीच्या वाटेने नेले, असे आज मागे वळून पाहताना दिसते.

माझ्या सायकलीचे गिअर विजेवर चालतात. मागे ११ चकत्यांची कॅसेट आहे, सर्वांत लहान चकती ११ दात्यांची आणि सर्वांत मोठी ३२ दात्यांची. साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरच्या पोटात एक छोटी मोटर आहे. बॅटरी सीटपोस्टच्या नळीत बसवलेली आहे. आणि हँडलवरच्या बटणांपासून पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही डिरेलरपर्यंत फ्रेमच्या आतून बारीक वायरी गेलेल्या आहेत. बटण दाबले की वायरीतून आज्ञा जाते, मोटर ठरलेल्या अंतराएवढी फिरते आणि साखळी शेजारच्या चकतीसमोर येते. ११ चकत्यांच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून पुढच्या चकतीपर्यंतचे अंतर पावणेचार मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्या अरुंद घरात साखळीला, पायांचा जोर तिच्यावर असताना, दर वेळी नेमके आणून सोडायचे हे काम किती नाजूक आहे याचा विचार ते बिनबोभाट चालू असताना माझ्या मनात कधी आला नव्हता.

केबलच्या गिअरांवर मी पंधरा वर्षे सायकल चालवली आहे. शिमानो या जपानी कंपनीने १९८४ साली टप्प्याटप्प्याने ‘टक्’ करून पडणारे गिअर आणले आणि १९९० साली तेच गिअर ब्रेकच्या दांड्यात बसवले. माझी पिढी त्याच दांड्यांवर वाढली. त्या गिअरांमध्ये बिघाड होण्याआधी बोटांना कळत असे. केबलच्या पिळातली एखादी तार तुटली की दांडा किंचित जड व्हायचा. पावसाळ्यानंतर नळीत गंज धरला की गिअर वर जाताना ठीक जायचा, पण परत येताना आळसावल्यासारखा यायचा. नवी केबल पहिल्या काही फेऱ्यांत सैलावली की दांड्याच्या पहिल्या भागात एक पोकळपणा जाणवायचा, आणि मग घाटाच्या पायथ्याशी उभ्याउभ्या डिरेलरजवळची नळकांडी अर्धा आटा फिरवून मी तो पोकळपणा काढून टाकत असे. बोट आणि डिरेलर यांच्यामध्ये एक ताणलेली तार होती, आणि डिरेलरचे सुखदुःख त्या तारेतून हातापर्यंत पोहोचत होते.

विजेच्या गिअरांनी ही तार काढून टाकली. २००९ साली शिमानोने ड्युरा-एस मालिकेत विजेचे गिअर बाजारात आणले तेव्हापासून त्यांचा सर्वांत मोठा गुण हाच सांगितला गेला की केबल नाही, म्हणून ताण नाही, सैलावणे नाही, गंज नाही. हे सगळे खरे आहे, आणि थंडीने बधिरलेल्या बोटांनी पहाटे घाट चढताना एका हलक्या स्पर्शात गिअर बदलण्याचे सुख मी मनापासून भोगले आहे. पण बटणाचा टिचकन होणारा आवाज हा फक्त बटणाचा आवाज असतो. मागे मोटर फिरली की नाही, साखळी चढली की नाही, याच्याशी त्या आवाजाचा काहीही संबंध नसतो. बोटाला ‘झाले’ असे सांगणारे आणि प्रत्यक्ष काम करणारे ही आता दोन वेगळी स्थाने झाली होती, आणि मी मात्र अजून बोटांवरच विश्वास ठेवत होते.

पसरणीनंतर तक्रारी वाढल्या. पुण्याजवळच्या लहान चढांवर, चढ ओसरू लागला की २८ वरून २५ वर येताना साखळी रेंगाळू लागली. ती मोठ्या चकतीच्या दात्यांवर खडखडत राहायची आणि दोन-तीन पेडलांनंतर खाली पडायची. मधल्या चकत्यांवर सगळे शांत असायचे. कधी एखाद्या फेरीत काहीच व्हायचे नाही, तर कधी बोपदेव घाटाच्या एका चढात तीनदा व्हायचे.

मी पहिला संशय बॅटरीवर घेतला, कारण विजेची वस्तू नीट चालली नाही की कुणीही तोच घेतो. रात्रभर चार्ज केली, दिवा हिरवा झाला, आणि पुढच्या दोन फेऱ्या खरोखर चांगल्या झाल्या. त्यामुळे निदान बरोबर होते असे मी धरून चालले, आणि तिसऱ्या फेरीत साखळी पुन्हा रेंगाळली. खरे तर माझ्या गिअरसंचाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे की बॅटरी संपत आली की आधी पुढचा डिरेलर थांबतो आणि मागचा त्यानंतरही काही काळ चालत राहतो, म्हणजे स्वाराला घरी पोहोचता येते. माझा पुढचा डिरेलर एकदाही अडला नव्हता. ही एक गोष्ट नीट वाचली असती तर बॅटरीला पहिल्याच दिवशी निर्दोष सोडता आले असते. येऊन-जाऊन असणाऱ्या दुखण्याची हीच अडचण असते: तुम्ही काहीही केले तरी त्यानंतर ते काही काळ बरे वाटते, आणि शेवटी केलेला उपाय श्रेय घेऊन जातो.

दुसरा संशय साखळीवर. साखळीच्या एका कडीची लांबी १२.७ मिलिमीटर असते, त्यामुळे २४ कड्यांचे अंतर ३०४.८ मिलिमीटर भरायला हवे. झिजत जाईल तशी साखळी लांबते, आणि ११ चकत्यांच्या संचात ही वाढ अर्ध्या टक्क्यावर गेली, म्हणजे हे अंतर ३०६.३ च्या वर गेले, की ती बदलायची असते. माझी साखळी पोलादी पट्टीवर साडेतीनशे वेळा तरी पाहिली असेन, ती ३०५.५ च्या पुढे जात नव्हती. कॅसेटची कडी घट्ट होती. चाकाचा आस फ्रेमच्या खाचेत पूर्ण बसलेला होता.

मग तिसरा उपाय म्हणून सूक्ष्म जुळणी केली. त्यासाठी एक वेगळी अवस्था असते, जिच्यात बटणाच्या प्रत्येक दाबाला मोटर चकती न बदलता केसाएवढी सरकते. मधली चकती निवडायची, शेजारच्या मोठ्या चकतीला साखळी घासल्याचा आवाज येईपर्यंत तिला आत न्यायचे, आणि तिथून सांगितलेल्या पायऱ्या मोजून बाहेर आणायचे. मी हे सात-आठ वेळा तरी केले असेल. मोठ्या चकत्यांवरचा खडखडाट घालवण्यासाठी एकदोन पायऱ्या बाहेर गेले की लहान चकत्यांवर साखळी वर चढायला कुरकुरायची. लहान चकत्या शांत केल्या की मोठ्या बोलू लागायच्या. असे का होते, याचे उत्तर मला बटणांच्या पलीकडे शोधायला हवे होते, पण माझ्या मनाने गिअर विजेचे म्हणून दुखणेही विजेचेच असणार असे ठरवून टाकले होते.

ती गाठ सुटली एका साध्या दुकानात. आमच्या भागात एक काका आहेत, ज्यांनी आयुष्यभर बिनगिअरच्या सायकली दुरुस्त केल्या आणि गेल्या काही वर्षांत गिअरच्याही करू लागले. विजेच्या गिअरांना त्यांनी तोपर्यंत हात लावलेला नव्हता. मी त्यांच्याकडे पंपासाठी गेले होते. त्यांनी सायकल स्टँडवर चढवली, मागे जाऊन खाली बसले, आणि बराच वेळ काहीही न बोलता डिरेलरच्या दोन पुल्या आणि चकत्या एका रेषेत येतात का ते पाहत राहिले. “ताई,” ते म्हणाले, “वीज राहू द्या बाजूला. आधी लोखंड सरळ आहे का ते बघू.”

डिरेलर फ्रेमला थेट जोडलेला नसतो. दोघांच्या मध्ये हँगर नावाचा ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो, आणि तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण सायकल उजव्या अंगावर पडली तर फ्रेम तुटण्याऐवजी तो वाकावा. काकांनी डिरेलर सोडवून वायरीसकट बाजूला टांगला. त्यांच्याकडे हँगर तपासण्याचे विकतचे मापयंत्र नव्हते. त्यांनी दुसऱ्या एका गिअरच्या सायकलीचे मागचे सुटे चाक घेतले आणि त्याच्या आसाचे टोक हँगरच्या भोकात आट्यांनी घट्ट केले. अशा बऱ्याच आसांचे आणि हँगरचे आटे एकच असतात, दहा मिलिमीटर जाडीचे आणि एक मिलिमीटर अंतराचे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आता माझ्या चाकाशेजारी दुसरे चाक उभे राहिले. हँगर सरळ असता तर दोन्ही चाके समांतर दिसली असती. पण वरच्या बाजूला दोन रिमांमध्ये जेवढे अंतर होते त्यापेक्षा खालच्या बाजूला ते जवळजवळ दीड सेंटिमीटर कमी भरले. मला ते चित्र अजून डोळ्यांसमोर दिसते. दोन महिने ज्याला मी बटणांनी समजावत होते ते वाकडेपण तिथे कुणालाही, अगदी दुकानात हवा भरायला आलेल्या मुलालाही, दिसेल एवढे उघड होते.

हिशेब केला तेव्हा सगळे जुळले. ६२ सेंटिमीटरच्या चाकावर दीड सेंटिमीटर म्हणजे साधारण दीड अंशाचा कल. हँगरच्या मुळापासून सहा सेंटिमीटरवर तेवढ्या कलाने दीड मिलिमीटरचा फरक पडतो, आणि आपले घरच पावणेचार मिलिमीटरचे. शिवाय हा फरक सगळीकडे सारखा नसतो. मोठ्या चकत्यांखाली पुली जास्त खाली उतरते, म्हणून तिथे ती जास्त आत ढकलली जाते. लहान चकत्यांपाशी कमी. सूक्ष्म जुळणी मात्र सगळ्या ११ जागा एकाच मापाने सरकवते. म्हणून एक टोक सावरले की दुसरे बिघडत होते. मोटर आपले काम अचूक करत होती, पण ती ज्या भिंतीवर टांगली होती ती भिंतच कललेली होती. काकांनी त्या सुट्या चाकालाच तरफेसारखे धरून, थोडे दाबत, थोडे तपासत, हँगर सरळ केला. “असाच चालवला असता आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर गेला असता तर डिरेलर आऱ्यांत अडकला असता,” एवढे ते म्हणाले, आणि पंपाचे पैसे घेतले, या कामाचे घेतले नाहीत.

एप्रिल आणि मे हे दोन महिने सुखाचे गेले. २८ वरून २५ वर साखळी अशी उतरायची की पायांना कळायचे पण कानांना कळायचे नाही. मी वहीत प्रकरण मिटल्याची नोंद केली आणि पावसाळ्यानंतरच्या ३०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी सुरू केली. ती २० तासांत पूर्ण करावी लागते आणि त्यातला बराच भाग अंधारात जातो, म्हणून गिअरांवर विसंबता येणे मला फार महत्त्वाचे वाटत होते.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्याच आठवड्यात, मुळशीच्या रस्त्यावर, मागचा डिरेलर पूर्ण मुका झाला. पाच मिनिटे काहीच नाही. मग एका खड्ड्यावरून सायकल आदळली आणि तो जागा झाला.

पाणी आणि विजेचे गिअर यांचे वैर जुनेच आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला माविक या फ्रेंच कंपनीने ‘झॅप’ नावाचा संच आणला होता, ज्याची कल्पना मला आजही विलक्षण वाटते: त्यात साखळी हलवण्याची ताकद बॅटरीतून येत नसे, फिरणाऱ्या साखळीतूनच घेतली जाई, आणि विजेकडे फक्त इशाऱ्याचे काम होते. त्याच कंपनीने १९९९ साली बिनवायरीचा ‘मेकट्रॉनिक’ही आणला. हे दोन्ही प्रयत्न टिकले नाहीत, आणि ओल्या हवामानातला भरवसा हे त्यामागचे एक कारण होते. आजच्या संचांच्या जोडण्या कितीतरी अधिक बंदिस्त असतात, साध्या पावसाला त्या दाद देत नाहीत. म्हणूनच माझ्या डिरेलरपर्यंत पाणी पोहोचले असेल तर कुठेतरी दार उघडे राहिले आहे, असे मला प्रथमच नीट सुचले.

त्या रात्री मी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. प्रत्येक ठिकाणी तेच शब्द होते: ‘गिअर पडला नाही.’ पण आठवणी ताणून पाहिल्यावर लक्षात येऊ लागले की या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी एकत्र कोंबली गेली आहेत. बोपदेवच्या चढावर साखळी रेंगाळायची तेव्हा मोटरचा तो बारीक, कीटकासारखा ‘झिझ्’ आवाज यायचा. आज्ञा पोहोचलेली असायची, मोटर फिरलेली असायची, आणि साखळी तेवढी चढत वा उतरत नसायची. मुळशीला मात्र तो आवाजच नव्हता. आणि पसरणीला? पहिल्या नोंदीत आवाजाबद्दल काहीच नव्हते, कारण तेव्हा ऐकायचे काय हे मला ठाऊक नव्हते आणि मागे एसटी होती. पण साखळी खडखडली नव्हती, हे मला पक्के आठवत होते. ती स्वस्थ होती, आणि तिसऱ्या दाबाला निर्धास्त चढली होती. म्हणजे पसरणीचे दुखणे हँगरचे नव्हतेच. काकांनी जे बरे केले ते दुसरेच होते, आणि पहिले तसेच आत राहिले होते.

केबलच्या काळात ‘गिअर पडत नाही’ हे वाक्य पुरेसे होते, कारण बोटांना बाकीचे कळत होते. आता बोटांनी गमावलेले काम कानांनी घ्यायला हवे होते. आवाज येतो आणि साखळी जात नाही, तर शोध धातूत घ्यायचा: हँगर, साखळी, चकत्या, चाकाची बैठक. आवाजच येत नाही, तर शोध वायरीत घ्यायचा. आणि मागचा मुका असताना पुढचा चालतो, तर बॅटरी ठीक आहे, हँडलपाशी जिथे वायरी एकत्र येतात ती पेटीही ठीक आहे. बिघाड फक्त मागच्या डिरेलरकडे जाणाऱ्या फांदीवर किंवा उजव्या बटणांकडून येणाऱ्या वायरीवर आहे. उजवे बटण दाबून धरले की बॅटरीचा दिवा लागतो. पुढच्या वेळी डिरेलर मुका झाला तेव्हा मी आधी तो दिवा पाहिला. तो लागला. उरली एकच वायर.

ती फ्रेमच्या मागच्या नळीतून एका रबरी बुचातून बाहेर येते, लहानसे वळण घेते आणि डिरेलरच्या पाठीत शिरते. सायकल स्टँडवर ठेवून, एका हाताने पेडल फिरवत, दुसऱ्या हाताने बटण दाबत मी मुलाला ती वायर हलकेच हलवायला सांगितली. “आई, आता दाब,” तो म्हणायचा, आणि मोटर बोलायची. वायर जरा डावीकडे नेली की गप्प व्हायची. दहापैकी दहा वेळा. चार महिने जो बिघाड मनात येईल तेव्हा यायचा आणि जायचा, तो पहिल्यांदाच बोलावल्यावर आला, आणि त्या क्षणी मला झालेला आनंद मी कुठलाही घाट चढून झालेल्या आनंदापेक्षा कमी मानणार नाही.

त्या वायरीच्या टोकाचे प्लग बसवण्यासाठी प्लॅस्टिकचे एक छोटे हत्यार मिळते, आणि प्लग पूर्ण आत गेला की ‘टच्’ असा स्पष्ट आवाज येतो. माझा प्लग बाहेर आला होता तो एक मिलिमीटरपेक्षाही कमी. डोळ्यांना तो बसलेलाच वाटत होता. बाहेर काढल्यावर आतल्या पिनेवर हिरवट डाग दिसले. ओल आत गेली होती आणि तांबे कळकायला लागले होते. डिरेलरच्या बाजूची पिन अल्कोहोलने पुसून, वाळवून, मी वायर नवी घातली, आणि ‘टच्’ ऐकू येईपर्यंत दाबली.

प्लग आपणहून बाहेर येत नाही. तो ओढला जावा लागतो, आणि हँगर वाकण्यासाठी डिरेलरला मार बसावा लागतो. जानेवारीत मी पुण्याहून कोल्हापूरला सायकलने गेले होते आणि परत येताना सायकल बसच्या पोटात, दोन पोत्यांच्या मध्ये, उजव्या अंगावर आडवी पडून आली होती. पुण्यात उतरवल्यावर मागचा गिअर हलत नव्हता. असा धक्का बसला की डिरेलर स्वतःच्या मोटरला वाचवण्यासाठी जोडणी सोडून देतो. बटण धरून पेडल फिरवले की तो पुन्हा जोडला जातो. मी तसे केले, गिअर चालू झाले, आणि त्या प्रवासाची आठवण तिथेच संपवली. मोटर वाचली होती, फ्रेमही वाचली होती. ज्या दोन गोष्टींनी त्यांना वाचवले, तो मऊ हँगर आणि ती ताणली गेलेली वायर, त्यांच्याकडे मी पाहिलेच नव्हते.

नव्या वायरीवर जुलैचा सगळा पाऊस गेला. वहीत आता दोन रकाने आहेत, एक ‘आवाज’ आणि एक ‘साखळी’, आणि नोंद केल्याशिवाय कुठलीच जुळणी मी बदलत नाही, तीही एका वेळी एकच. बीआरएमच्या रात्री पुढे दिव्याचा उजेड आणि मागे मोटरचा तो बारीक आवाज, एवढ्या दोनच सोबती होत्या. प्रत्येक बटणानंतर मी तो आवाज ऐकत होते आणि तो प्रत्येक वेळी आला.

गेल्या महिन्यात पुन्हा कोल्हापूरहून परतायचे होते. निघण्याआधी ॲलन कीने डिरेलर हँगरवरून सोडवला, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळला आणि वायरीला ताण येणार नाही असा फ्रेमच्या आत, मागच्या दोन नळ्यांच्या मध्ये, बांधून टाकला. बसच्या डिकीपाशी क्लीनरने सायकल उचलली तेव्हा मी त्याच्याबरोबर आत वाकले आणि म्हणाले, “दादा, डावी बाजू खाली. आणि वर काही ठेवू नका.” त्याने सायकल उलटी फिरवली, डावी बाजू खाली ठेवली, आणि आपले घोंगडे घडी करून तिच्याखाली सरकवले.